असा प्राणी अस्तित्वात नाही

सांगलीहून ताईनं कुणाच्या तरी हाती भडंगाचा पुडा पाठवला, की मी आधी पुडा फोडत नाही. पिशवीचा तळ चाचपतो. साताऱ्याहून मी कंदी पेढे पाठवतो, ते नुसते पेढे असतात. सांगलीच्या भडंगाखाली मात्र हमखास एखादं काम निघतं. मागे एकदा भावजींचा विम्याचा फॉर्म निघाला होता, एकदा न चालणारं मिक्सरचं भांडं निघालं होतं. या खेपेला भाचीची मराठीची वही निघाली. भाची सहावीत. सोबत चिठ्ठी : "तिन्ही निबंधांना दहापैकी चार-चार. बाईंनी पुन्हा लिहून आणायला सांगितलंय. तू लिहितोस ना, जरा नीट करून दे."

'तू लिहितोस ना' हे वाक्य ताईच्या तोंडी कौतुकाचं असतं. आमच्या बँकेत तेच वाक्य साहेब उच्चारतात, तेव्हा 'म्हणजे काम कोण करतं?' एवढाच त्याचा अर्थ असतो.

आता मी पडलो बी.कॉम. साहित्याची समीक्षा आमच्या अभ्यासक्रमात नव्हती. बुडीत कर्ज होतं. पण वीस वर्षं व्हाउचरं तपासून एक सवय लागली आहे. रक्कम अंकी काय लिहिली आणि अक्षरी काय लिहिली, ते आधी बघायचं. दोन्ही जुळलं तर पुढं. भाचीच्या वहीला मी तीच कसोटी लावायची ठरवली : पाहिलं काय आणि लिहिलं काय.

पहिला निबंध 'आमचे शिबिर'. शाळेचं शिबिर सागरेश्वरला गेलं होतं. सागरेश्वर म्हणजे सांगली जिल्ह्यातलं हरणांचं अभयारण्य. उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडं लावून माणसांनी ते उभं केलं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी जन्म वेचला, आणि १९८५ साली सरकारनं त्याला अभयारण्य म्हटलं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. (आकडा दिसला की तो दशांशापर्यंत लिहिल्याशिवाय माझा हात थांबत नाही, क्षमस्व.) आता अशा शिबिरावरचा निबंध कसा सुरू व्हावा, हे तुम्हांआम्हांला पाठ आहे. पूर्वेला केशरी सडा, पक्ष्यांची किलबिल, मंद वारा. आमच्या भाचीनं सुरुवात केली आहे ती अशी : "आम्ही पहाटे पाचला निघणार होतो. साडेसातला निघालो. तोपर्यंत डबा संपला."

मला हे तीन वाक्यांचं प्रवासवर्णन आवडलं. पुढं ती लिहिते, "अभयारण्याला तारेचं कुंपण आहे. ते हरणांसाठी आहे की आमच्यासाठी, असं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, रांगेत चाल." आणि मग, "महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल आहे. तो मला दिसला नाही. सर म्हणाले, दिसला असं लिहा." शेवट : "सांबराच्या पायाचा ठसा दिसला. त्यात पाणी साचलं होतं आणि त्यात एक मुंगी पोहत होती. मग बस आली."

याखाली लाल शाई : "शिबिरातून काय शिकलात? समारोप नाही."

खरंच नाही. पण सांबराच्या ठशात पोहणारी मुंगी पाहिल्यावर समारोप काय करणार? माझ्या हिशेबी अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत होती.

दुसरा निबंध 'एक काल्पनिक प्राणी'. तिच्या प्राण्याचं नाव उसाड्या. हा उसाच्या फडात राहतो. अंगानं सांबर, डोळे भारद्वाजासारखे लाल. उलटा चालतो, म्हणजे त्याचा माग काढणारा माणूस तो जिथून आला तिथंच पोचतो. ही युक्ती आमच्या वसुली खात्यातल्या काही खातेदारांना ठाऊक असावी. उसाड्या कुणाला भीत नाही. वाघाला नाही, ट्रॅक्टरला नाही. तो फक्त पाचट पेटवतात त्या दिवसाला भितो. त्या दिवशी तो कुठं जातो, ते कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी काळ्या रानात बगळे येतात, तेव्हा ती त्यांच्यात त्याला शोधते.

इथं मी भडंग खायचा थांबलो. पाचट जळताना मी शेकडो वेळा पाहिलंय. एसटीची काच वर ओढून घेणं यापलीकडं त्याबद्दल माझ्या मनात कधी काही आलेलं नाही.

याखाली लाल शाई : "असा प्राणी अस्तित्वात नाही."

निबंधाचा विषय पुन्हा एकदा वाचून खात्री करून घेतली. 'काल्पनिक' असंच लिहिलं होतं, आणि तेही बाईंच्याच अक्षरात. बिचाऱ्या बाईंवर मी रागावत नाही. साठ वह्या, घरी कुकरच्या शिट्ट्या, वर जनगणना नि निवडणुका. मीही मार्चअखेरीला न वाचता सह्या केल्या आहेत. पण उसाड्याऐवजी राक्षस किंवा परी असती, तर सातआठ गुण कुठं गेले नव्हते. काल्पनिकसुद्धा रीतसर, ओळखीचं लागतं.

याचा पुरावा तिसऱ्या निबंधात आहे : 'आपल्याकडील पक्षी'. मैत्रिणीच्या निबंधात दूध-पाणी वेगळं करणारा हंस, चांदणं खाणारा चकोर आणि पावसाचाच थेंब झेलणारा चातक होता, आणि तिला नऊ मिळाले, अशी तक्रार भाचीनं समासात पेन्सिलीनं नोंदवली आहे. खाली प्रश्न : "चातक आफ्रिकेतून येतो. मग वाटेत काय पितो?" म्हणजे अस्तित्वात नसलेले प्राणी पक्ष्यांच्या निबंधात चालतात, फक्त काल्पनिक प्राण्याच्या निबंधात चालत नाहीत.

भाचीनं स्वतः लिहिलं होतं सुगरणीवर. "आजोबांच्या विहिरीवर बाभळीला खोपे आहेत. पिवळ्या डोक्याचा नर उसाच्या पात्याची चिरफळी आणतो आणि घरटं विणतो. मादी येऊन बघते. आवडलं नाही तर निघून जाते." बाईंनी 'नर' खोडून 'मादी' केलं होतं, 'विणतो'चं 'विणते' केलं होतं, आणि बाजूला लिहिलं होतं : "लिंग चुकले."

इथं मात्र माझीच पंचाईत झाली. त्याचं असं, की पाचएक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी 'सुगरणीचा नवरा' नावाचा विनोदी लेख लिहिला होता. बायको घरटं विणतेय आणि नवरा फांदीवर बसून पेपर वाचतोय, अशी कल्पना. बँकेत चहाच्या वेळी वाचून दाखवला, लोक हसले. मानधनाचा चेक आला, तो मी आमच्याच शाखेत भरला.

शंका फेडायला पुस्तक काढलं. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला महिनोन् महिने बसून सुगरणीची वसाहत पाहिली आणि पुढल्या वर्षी त्यावर लिहिलं. विणतो तो नरच. घरटं अर्ध्यावर आलं की माद्या पाहणी करायला येतात; एखादीनं पसंत करून ताबा घेतला की मग तो ते पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घर बांधायला घेतो, दुसऱ्या बिऱ्हाडासाठी. पसंत न पडलेली अर्धवट घरटी तशीच लोंबत राहतात, थकीत गृहकर्जासारखी. बहिणाबाईंपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी श्रेय मादीला दिलं. बहिणाबाईंचं ठीक आहे, त्यांनी त्या खोप्यातून आईपण काढलं. मी काय काढलं? मानधन.

आणि ती विहीर आमचीच, कऱ्हाडजवळच्या गावातली. भाची पावसात तिथं काठावर बसून राहायची, तेव्हा पडवीत पेपर वाचत बसलेला इसम म्हणजे मीच.

रात्री गाईड उघडून निबंध 'नीट' करायला बसलो. केशरी सडा टाकला. उसाड्याच्या जागी परी बसवून पाहिली. 'विणते' लिहायला पेन टेकवलं आणि हात अडला. खाडाखोड केलेल्या व्हाउचरवर सही करतानाही इतका अडला नव्हता.

शेवटी वहीतलं एकच अक्षर दुरुस्त केलं, 'पाणि'ची वेलांटी. पेढ्यांच्या खोक्याखाली वही ठेवली, बाईंना दाखवायला पुस्तकातल्या त्या पानाची झेरॉक्स ठेवली, आणि माझ्या दिवाळी अंकातल्या लेखाचं कात्रणही ठेवलं : "तपासून दे."

पंधरा दिवसांनी भडंग आलं. तळाशी कात्रण. 'बायको' सगळीकडं खोडून 'नवरा' केलेलं, लाल शाईत. खाली शेरा : "१० पैकी ४. न बघता लिहिलंय. मामा, जूनमध्ये विहिरीवर या. पेपर आणू नका."