निकाल की पुरावा?

आमच्या देवघरात गंडकीचा एक शाळिग्राम आहे. तीन पिढ्यांपूर्वी तो कोकणातून निघाला आणि आजोबांच्या नोकरीबरोबर फिरत फिरत सुरतेस स्थिरावला. गेल्या चातुर्मासात नुकतीच मुंज झालेल्या माझ्या पुतण्याने त्यास स्नान घालताना अंगावरील चक्रावरून बोट फिरविले आणि विचारले, "काका, हे कोणी कोरले?" आदल्याच आठवड्यात तो शाळेच्या सहलीबरोबर एक वस्तुसंग्रहालय पाहून आला होता. तेथील डायनोसॉरच्या गर्जनेची नक्कल त्याने साऱ्या घरास ऐकविली होती. पण "तो असाच गर्जत असे, हे कशावरून?" असे मी विचारताच तो गप्प झाला. शाळिग्रामापुढे मात्र प्रश्न त्यानेच विचारला, कारण शाळिग्राम त्याच्या हातात होता.

प्रागैतिहासिक जीवसृष्टी मुलांना शिकविण्याच्या आपल्या प्रचलित रीतीवर माझा मुख्य आक्षेप याच ठिकाणी आहे. आपण मुलांना निकाल ऐकवितो, पुरावा दाखवीत नाही. उंच प्रतिकृती, लालबुंद डोळे, लपविलेल्या भोंग्यातून येणारी डरकाळी, हे सारे निकालपत्राचे मोठ्याने केलेले वाचन होय. ज्या साक्षीवर तो निकाल उभा आहे, ती साक्ष काचेआड आणि बारीक अक्षरांत राहते.

आता, साक्षीची आपल्याकडे वाण आहे असे कोणी म्हणू नये. बालासिनोरजवळील रैयोली येथे १९८१ साली भूवैज्ञानिकांना डायनोसॉरचे अवशेष आढळले. २००३ साली तेथील हाडांवरून 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हा मांसाहारी प्राणी जगापुढे आला आणि २०१९ साली तेथे संग्रहालयही उघडले. त्रिमिती चित्रपट आणि आधुनिक यंत्रसाधने यांचीही सोय तेथे करण्यात आली. साधनांशी माझे भांडण नाही. त्यांच्याकडून आपण काय वदवितो, एवढाच प्रश्न आहे.

याच गुजरातेतील एक प्रकरण पाहावे. १९८४ साली धोळी डुंगरी येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना अंडी आणि बारीक हाडे असलेला एक खडक मिळाला. अंड्यांजवळची हाडे ती पिलाचीच, असा स्वाभाविक अर्थ तेव्हा लावला गेला. २००१ साली अमेरिकन संशोधक जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पुन्हा तपासला, तेव्हा त्यांपैकी काही मणके सापाचे निघाले. चिरडलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप पडला होता आणि शेजारी अर्ध्या मीटरचे डायनोसॉरचे पिलू होते. सापाचा जबडा अख्खे अंडे गिळण्याइतका उघडणारा नव्हता. तेव्हा त्याचे लक्ष्य अंडे नसून पिलू असावे, असे अनुमान निघाले. २०१० साली या सापास 'सनाजे इंडिकस' हे नाव मिळाले. दगड तोच, पुरावा तोच. फेरतपासणीत निर्णय बदलला. वकिलीच्या धंद्यात इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच हाती लागते.

या प्रकरणाचा मुलांसाठी केवढा उपयोग होण्यासारखा आहे! त्या दगडाचा प्लास्टरचा ठसा चार मुलांच्या पुढे ठेवावा. सोबत सापाचा एक मणका आणि सरड्याचा एक मणका द्यावा. "ही हाडे कोणाची?" एवढेच विचारावे आणि शिक्षकाने गप्प बसावे. मुले चुकतील, भांडतील, मत बदलतील. अस्सल जीवाश्म शेकडो हातांत देता येत नाहीत, ही संग्रहालयचालकांची अडचण खरी आहे; परंतु ठसा फुटला तर दुसरा ओतता येतो.

अलीकडे वाळूच्या हौदात हाडे पुरून ती मुलांकडून उकरविण्याची प्रथा पडली आहे. मुलांचे हात कामास लागतात, हा तिचा गुण मी मान्य करतो. पण तेथे जो भराभर उकरील तो जिंकतो. धोळी डुंगरीला असे उकरले असते, तर साप एका टोपलीत आणि अंडे दुसऱ्या टोपलीत गेले असते. कोण कोणाशेजारी होते ही मुख्य साक्षच नष्ट झाली असती. म्हणून हौदावर दोऱ्यांचे चौकोन आखावेत आणि प्रत्येक वस्तू उचलण्यापूर्वी तिची जागा कागदावर काढून घ्यावी. खेळ थोडा संथ होईल, पण तो खोटा राहणार नाही.

सुरतकरांस तर यासाठी दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत पाच कोटी वर्षांहून जुने सस्तन प्राण्यांचे अवशेष मिळाले आहेत. तेथील झाडांच्या गोठलेल्या राळेत अडकलेले सातशेहून अधिक कीटक आणि तत्सम जीव २०१० साली प्रसिद्ध झाले. हिऱ्यास पैलू पाडणाऱ्या या नगरीत भिंगाची वाण नाही. राळेतील एक माशी आणि एक भिंग मुलाच्या हाती द्यावे. डरकाळीची गरज उरणार नाही.

आता पालकांच्या मनातील एका संकोचाविषयी. शाळिग्राम हा शास्त्राच्या दृष्टीने अमोनाइट नामक सागरी जीवाचा जीवाश्म आहे. हिमालय जेथे उभा आहे तेथे एके काळी समुद्र होता. त्यात दहा कोटी वर्षांहून अधिक पूर्वी हे शंखधारी जीव राहात. आपल्या किनाऱ्यावरच्या माकुळाचे ते दूरचे नातलग. चक्र म्हणजे त्याच्या शंखाच्या वेढ्यांचा ठसा. हे मुलास सांगितले तर त्याची श्रद्धा डळमळेल, असे भय अनेक सुशिक्षित घरांत मी पाहिले आहे. मला ते अनाठायी वाटते. दगडाचे वय ठरविणे हे भूशास्त्राच्या अधिकारक्षेत्रातले काम. त्यापुढे हात का जोडावेत, हा प्रश्न त्या न्यायासनापुढे दाखलच होत नाही. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात पाडल्या गावचे शेतकरी ज्या गोल दगडांस पिढ्यान्‌पिढ्या भैरव म्हणून पूजीत आले, ती डायनोसॉरची अंडी असल्याचे २०२३ साली तज्ज्ञांनी ओळखले. पूजेमुळेच ते दगड जपले गेले होते. भय असलेच तर ते दुसऱ्या बाजूने आहे. ज्या मुलास लहानपणी निव्वळ निकाल ऐकण्याची सवय लागते, तो मोठेपणी कोणाचीही डरकाळी खरी मानतो.

पुतण्याला मी सारे सांगितले. त्याने शाळिग्राम कानाशी धरून पाहिला, बहुधा समुद्र ऐकू येतो का म्हणून. मग विचारले, "कशावरून?" मला फार बरे वाटले. भिंग आणावयास मी त्यास आतल्या खोलीत धाडले. तोवर अभिषेकाचे पाणी निवत राहिले.