समेवरची कळ

मंडळाच्या प्रत्येक स्मरणिकेत गायकांचे, नटांचे, ढोल वाजवणाऱ्यांचे फोटो असतात. फोटो काढणाऱ्याचा मात्र नसतो. तो कॅमेऱ्यामागे असतो आणि जेवणाच्या रांगेत शेवटी. यंदाचं हे पान त्याच्यासाठी; आणि आता आपल्या मुलीही या कामात उतरल्या आहेत, म्हणून तिच्यासाठीही.

अमेरिकेत आपले कार्यक्रम होतात शाळेच्या सभागृहात, नाहीतर देवळाच्या हॉलमध्ये. फोटोसाठी याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही. डोक्यावर ट्यूबलाइट, स्टेजवर जांभळे एलईडी; गायिकेने हौसेने नेसलेल्या पैठणीचा रंग कोणता, ते फोटोवरून सांगता येत नाही. तरी फ्लॅश मारायचा नाही, हा पहिला नियम. आलापी चालू असताना डोळ्यांवर लखलखाट आणि कानाशी खटखट झाली आणि बुवांनी तंबोरा खाली ठेवला, तर त्यांचं काय चुकलं? मिररलेस कॅमेऱ्यांत आवाज बंद करता येतो, पण तिथे वेगळीच गंमत होते. इथली वीज ६० हर्ट्झची, भारतातली ५०ची. त्यामुळे बरेचसे दिवे इथे सेकंदाला १२० वेळा लुकलुकतात, तिकडे १०० वेळा. तिकडे १/१०० वर बिनघोर फोटो काढणाऱ्याच्या चित्रावर इथे पट्टे उमटू शकतात. मग १/६० किंवा १/१२५ कडे वळावं लागतं.

पण खरी कसोटी कानाची. ज्याला ताल कळत नाही त्याला मैफलीचा फोटो जमत नाही, हे माझं ठाम मत. तान समेकडे धावते, गायकाचा हात उठतो, तबलजी मान वर करून बघतो आणि पुढच्या क्षणी दोघंही हसतात. ते हसू दिसल्यावर कळ दाबाल, तर ते निसटलेलं असतं. तीनतालाच्या सोळा मात्रा मनात धरणारा चौदाव्या-पंधराव्या मात्रेलाच सावध होतो. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभरही चालतं. जाणकार तेवढ्यात लेन्स बदलून घेतो. माइकचं बोंड तोंडावर येऊ नये म्हणून वीतभर बाजूला सरकून बसतो. तबल्यावरची बोटं मुद्दाम जराशी पुसट येऊ देतो, कारण गोठलेल्या बोटांतून द्रुत लय दिसत नाही. सतीश पाकणीकरांनी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात टिपलेले कलाकार ज्यांनी पाहिलेत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

ढोल-ताशाचं गणित उलटं. मिरवणूक निघते पार्किंग लॉटमध्ये, सप्टेंबरच्या भर दुपारी. फेट्याच्या सावलीत निम्मे चेहरे काळे पडतात. तिथे फ्लॅश चालतो, नव्हे लागतोच. टिपरू हवेत असतानाच अख्खी रांग एका जोशात दिसते, ढोलाच्या पानावर पडल्यावर नाही. म्हणून आपली मंडळी डोळा कॅमेऱ्याला आणि कान ताशाला लावतात. वादकांसमोर उलटं चालताना पाठीमागे लोकांच्या गाड्या उभ्या असतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

‘व्हिडिओ आहे की, मग फोटो कशाला?’ असं समितीच्या बैठकीत हमखास कोणीतरी विचारतं. तीन तासांचा व्हिडिओ नंतर कोण बघतो, ते प्रत्येकाने स्वतःशी तपासावं. फोटो मात्र पुन्हा पुन्हा पाहिले जातात, आणि त्यांत जपावा असा परदेशातल्या आपल्या मंडळांचा इतिहास लहान नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१मध्ये स्थापन झालं आणि त्याचं पहिलं अधिवेशन १९८४मध्ये शिकागोत भरलं. त्या काळी रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यात नाटक, नाट्यगीतं आणि मसालेभात वाढणारे काका, सगळं बसवायचं. कोणाला वगळायचं, हे काढणाऱ्यालाच ठरवावं लागे आणि वगळलेले पुढे वर्षभर बोलत.

ते रोल धुऊन आलेले प्रिंट आज अनेकांच्या बेसमेंटमधल्या खोक्यांत पडून आहेत. रंग उडून लालसर होत चाललेत. त्यांतल्या माणसांची नावं सांगू शकणारेही आता थोडेच उरले आहेत. यंदाच्या दिवाळी कार्यक्रमाला येताना ती खोकी घेऊन या. स्कॅन करायची सोय मंडळ करेल. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. पाकिटावर नावं, गाव आणि साल लिहा, मग त्यात फोटो ठेवा. आणि फोटो कोणी काढला, तेही लिहायला विसरू नका.