आरोग्यविम्यातील ठरीव दर आणि जोखमीची वाटणी

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये कोल्हापूरसह उर्वरित महाराष्ट्रास लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. या योजनेवर झालेली चर्चा बहुतांशी दरांच्या पुरेपणाभोवती फिरत राहिली आहे. दर परवडत नाहीत असे रुग्णालये म्हणतात आणि रुग्णालयांच्या मागणीला मर्यादा नाही असे शासनपक्ष म्हणतो. दोन्ही पक्ष ठरीव दराकडे केवळ किंमत म्हणून पाहतात, आणि येथेच या चर्चेची मूळ चूक आहे. ठरीव दर ही किंमत तर आहेच. पण त्याहून अधिक, ती जोखीम एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर नेण्याची रीत आहे.

अंगीकृत रुग्णालयाला मिळणाऱ्या पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांचा मोबदला, तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी परतल्यानंतरची काही दिवसांची औषधे, एवढे सारे अंतर्भूत असते. उपचारात उद्भवलेली गुंतागुंतही त्याच रकमेत निस्तरावयाची असते. समजा, गडहिंग्लजचा एक चाळिशीतला, एरवी निरोगी शेतकरी आणि चंदगडची एक साठी उलटलेली, मधुमेह असलेली स्त्री यांच्यावर एकच शस्त्रक्रिया झाली. पहिला पाचव्या दिवशी घरी गेला. दुसरीची जखम चिघळून तिला तीन आठवडे राहावे लागले. विमाकंपनीच्या लेखी हे दोन्ही दावे समान आहेत. किती माणसे आजारी पडतील ही अनिश्चितता कंपनीकडे राहिली. आजारी पडलेला माणूस किती खर्चिक ठरेल ही अनिश्चितता मात्र रुग्णालयाने विकत घेतली, आणि तीही हप्ता न घेता.

अशी वाटणी मुळातच गैर आहे असे नव्हे. खर्च होईल तेवढा भरून देण्याच्या पद्धतीत अनावश्यक उपचारांना उत्तेजन मिळते, म्हणून थोडी जोखीम वैद्यकावर ठेवण्यात शहाणपण आहे. आपल्याकडे त्याचा जुना नमुनाही आहे. राज्य कामगार विमा अधिनियम १९४८ साली झाला आणि त्याखालील योजनेत महाराष्ट्रात खाजगी वैद्यक नेमून त्यांना नोंदलेल्या कामगारामागे दरडोई मोबदला देण्याची पद्धत अवलंबिली गेली. कामगार वर्षात एकदा आला काय किंवा वीस वेळा आला काय, वैद्यकाचा मोबदला तोच. तथापि रुग्णालयातील उपचारांचा खर्च त्या वैद्यकाच्या माथी नव्हता. त्याने पत्करलेली जोखीम मुख्यतः स्वतःच्या वेळेची आणि श्रमांची होती. तिच्यापायी दवाखाना विकण्याची वेळ येणे कठीण. फुले योजनेच्या ठरीव दरात ही मर्यादा नाही.

जोखीम पेलणाऱ्याचे आकारमान हा येथे निर्णायक मुद्दा होय. रुग्णागणिक खर्चातील चढउतार सारखाच धरला, तर सरासरी खर्चाची अनिश्चितता रुग्णसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. वर्षाला एकाच प्रकारच्या ९०० शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेच्या मानाने ९ करणाऱ्या रुग्णालयाची सरासरी दसपट डळमळीत असते. दर सरासरीच्या दृष्टीने अगदी न्याय्य असला तरी हे अंतर तसेच राहते. म्हणूनच ‘दर वाढवा’ ही मागणी मान्य झाली तरी लहान रुग्णालयाचा प्रश्न सुटत नाही. मग त्याच्यापुढे उरणारी वाट सर्वांना परिचित आहे: अवघड दिसणारा रुग्ण ‘वर’ पाठवावा. जोखमीचा शेवटचा मुक्काम त्यामुळे जेथे कोणालाही नाकारता येत नाही तेथे पडतो. कोल्हापुरात याचा अर्थ छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असा होतो. सीमाभागातील ८६५ गावांना ही योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि २०२४ मध्ये तिचे क्षेत्र राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत विस्तारले. विमापद्धतीत अशा विस्ताराबरोबर कंपनीला कुटुंबागणिक हप्ता मिळतो. रुग्णालयाकडे येतो तो फक्त रुग्ण.

या हस्तांतरणाची दखल कायदा घेत नाही. विमाकंपनीने देणी भागविण्यासाठी आवश्यक ठरविलेल्या शिलकीच्या दीडपट शिल्लक राखावी, यावर विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा कटाक्ष असतो. विमेदाराच्या सोयीकडेही त्याचे लक्ष आहे; विनारोकड उपचाराच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा असे प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये फर्माविले. दुसरीकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम जागा, कर्मचारी व स्वच्छता यांची चौकशी करतो. कराराने अंगावर घेतलेली जोखीम रुग्णालयाला पेलेल काय, हा प्रश्न विचारण्याचे काम दोहोंपैकी कोणाचेच नाही. केंद्राच्या जन आरोग्य योजनेतील विमापद्धतीच्या नमुना करारात, दावे कमी निघाल्यास कंपनीने हप्त्यातील शिलकीचा भाग परत करावा असे कलम आहे. कंपनीच्या अवाजवी नफ्याचा विचार ज्यांना सुचला त्यांना रुग्णालयाच्या अवाजवी तोट्याचा सुचू नये, हे आश्चर्यच.

अमेरिकेत हा प्रश्न वैद्यकसंस्था बुडाल्यानंतर पुढे आला. दरडोई मोबदल्यावर चालणाऱ्या मोठ्या संस्था १९९० च्या दशकाअखेर दिवाळखोरीत गेल्यावर कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा करून जोखीम पत्करणाऱ्या वैद्यकसमूहांना आर्थिक स्थितीची विवरणे सादर करावयास लावली. हा उपाय कोल्हापूरच्या वीस खाटांच्या रुग्णालयावर लादणे म्हणजे रोग्याकडूनच औषधाचे पैसे घेण्यासारखे होईल. मेडिकेअरचा १९९६ चा नियम अधिक उपयोगी वाटतो. वैद्यकाच्या मोबदल्यापैकी २५ टक्क्यांहून अधिक भाग त्याने इतरत्र पाठविलेल्या रुग्णांच्या खर्चावर अवलंबून असेल, तर मर्यादेपलीकडील तोट्यासाठी संरक्षण असलेच पाहिजे, असे तो सांगतो. आणि रुग्णसंख्या २५,००० हून अधिक असल्यास ही सक्ती उठते. लहानास संरक्षण अधिक व मोठ्यास कमी, हे तत्त्व येथे स्पष्ट आहे.

तेच तत्त्व येथील करारांत आणावयाचे तर मर्यादा कशावर मोजावी हा प्रश्न उरतो. लहान रुग्णालयांत रुग्णागणिक खर्चाचे हिशेब क्वचितच असतात. दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख मात्र प्रत्येक दाव्यासोबत नोंदलेली असते. मेडिकेअरने १९८३ मध्ये ठरीव दर आणले तेव्हा असाधारण दीर्घ मुक्कामासाठी वेगळी रक्कम ठेवली होती. दिवस आणि खर्च नेहमी बरोबरीने वाढत नाहीत, म्हणून १९९० च्या दशकात ती पद्धत मागे पडून खर्चाचे माप तेवढे राहिले. ज्यांच्याकडे खर्चाचे मापच नाही अशा रुग्णालयांना प्रारंभी दिवसांवरच भागवावे लागेल.