नागरी प्रशासनातील विद्यार्थी-अधिछात्रवृत्ती : अहेरीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

नगराचा कारभार विद्यार्थ्यांनी पुस्तकाबाहेर येऊन अभ्यासावा, हा विचार नवा नाही. न्यूयॉर्क महानगराने १९६९ मध्ये पदवीधर तरुणांना पालिकेच्या विविध विभागांत काम देणारी 'अर्बन फेलोज' योजना सुरू केली. महाराष्ट्रात नगर-अभ्यासाची परंपरा त्याहूनही जुनी आहे. नगररचनेचे चिंतक पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. अलीकडच्या काळात राज्य शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप (२०१५) आणि केंद्राची नागरी प्रशिक्षार्थी योजना 'ट्यूलिप' (२०२०) यांनी या विचाराला शासकीय रूप दिले. मात्र या योजना आखताना कोणते नगर गृहीत धरले गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अहेरीच्या संदर्भात तो टाळता येत नाही.

अहेरीचे नागरी स्वरूप :

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची नागरी लोकसंख्या सुमारे ११ टक्के होती. राज्य शासनाने २०१४ मध्ये तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यानुसार २०१५ मध्ये अहेरी नगरपंचायत अस्तित्वात आली. प्राणहिता नदीच्या परिसरातील या जुन्या जमीनदारीच्या गावात मराठी, गोंडी आणि तेलुगू या भाषा नांदतात.

हा बदल केवळ नावाचा नव्हता. अहेरी तालुका पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ग्रामपंचायत असताना गावाला १९९६ च्या पेसा कायद्याचे आणि त्यातील ग्रामसभेच्या अधिकारांचे छत्र होते. नगरपंचायत होताच ते दूर झाले. दुसऱ्या बाजूला, ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेला नगरपालिकांविषयीचा भाग अनुच्छेद २४३-यग नुसार अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा करावा लागतो. तसे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, परंतु त्याचा कायदा आजतागायत झालेला नाही. कारभार राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालतो. ग्रामसभेची जागा १७ नगरसेवकांच्या सभागृहाने घेतली. पण ग्रामसभेतील प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आवाज कोठे गेला, याचे उत्तर त्या अधिनियमात सापडत नाही.

नागरी धोरणाच्या अभ्यासकाला याहून मोलाचा विषय कोणता असू शकतो? तरीही नागरी संशोधनाच्या चर्चेत मेट्रो, स्मार्ट सिटी आणि महानगरांची वाहतूक जेवढी जागा घेते, तिच्या शतांशानेही ही पोकळी घेत नाही.

योजनांची चिकित्सा :

या योजनांमध्ये तीन उणिवा दिसतात. पहिली वर्गवारीची आहे. २०१२ पासून पंतप्रधान ग्रामविकास फेलोशिपखाली गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत तरुण अधिछात्र आले. पण त्या योजनेच्या नावातच 'ग्राम' होते. नागरी योजनांचा ओढा स्वाभाविकपणे मोठ्या महापालिकांकडे राहिला. जे गाव नाही आणि अद्याप पुरते शहरही नाही, ते दोन्ही चौकटींबाहेर राहते.

दुसरी उणीव प्रवेशाच्या अटींत आहे. काही वर्षांच्या खंडानंतर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये संपूर्ण राज्यासाठी ६० जागा होत्या. पदवीला किमान ६० टक्के गुण, २१ ते २६ वर्षे वय आणि एक वर्षाचा पूर्णवेळ कामाचा अनुभव या अटी कागदावर सर्वांना समान आहेत. परंतु जेथे अनुभव देणारी आस्थापनाच विरळ, तेथील पदवीधरासाठी तिसरी अट हे कुंपण ठरते. गोंडी जाणणे ही अहेरीच्या अभ्यासासाठी सर्वांत उपयुक्त पात्रता. तिची नोंद मात्र कोठेच होत नाही.

तिसरी उणीव भूमिकेची आहे. गट-अ अधिकाऱ्याशी समकक्ष दर्जा मिळालेल्या अधिछात्राला कार्यालयाची दारे खुली होतात, ही जमेची बाजू नाकारता येणार नाही. परंतु ज्या कार्यालयाचा तो साहाय्यक, त्याच कार्यालयाची परखड तपासणी त्याने करावी, ही अपेक्षा अवघड आहे. प्रशासनाला मदत करणे आणि प्रशासनाचा अभ्यास करणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकत्र बांधली की बहुधा दुसऱ्या कामाचा बळी जातो.

महाविद्यालयांची जबाबदारी :

या उणिवा दाखवून थांबणे सोपे आहे. २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ चंद्रपूर व गडचिरोली या दोनच जिल्ह्यांसाठी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, समुदाय सहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. उन्नत महाराष्ट्र अभियानाने २०१६ पासून तंत्रशिक्षण संस्थांना स्थानिक प्रश्नांच्या अभ्यासाकडे वळवले. तेच सूत्र कला व वाणिज्य महाविद्यालयांनाही लागू करता येईल. मालमत्ता कराची मागणी व वसुली, प्रभागनिहाय पाणीपुरवठा, आठवडी बाजारातील कचरा, सभागृहाचे ठराव व त्यांची अंमलबजावणी हे विषय तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहेत. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. माहितीचा अधिकार, वही आणि लोकांची भाषा पुरेशी आहे.

अट एवढीच की अहवाल श्रेयांकाच्या फाइलीत संपू नये. तो नगरपंचायतीच्या सभेपुढे ठेवला जावा आणि ज्या प्रभागातून माहिती घेतली त्या प्रभागात वाचून दाखवला जावा. लोकांकडून घेतलेली माहिती लोकांना परत न करणारे संशोधन ही एक प्रकारची उचलच होय.

निष्कर्ष :

अधिछात्रवृत्तीचे मोल पाठ्यवेतनावर किंवा दर्जावर ठरत नाही. ती कोणाला प्रश्न विचारू देते, यावर ठरते. अहेरीला बाहेरून वर्षभरासाठी येणाऱ्या अधिछात्राची गरज असेलही. परंतु अहेरीतच वाढलेल्या आणि वर्ष संपल्यावरही तेथेच राहणाऱ्या अभ्यासकाची गरज त्याहून मोठी आहे. ग्रामसभा गमावलेल्या गावाला नवे व्यासपीठ कायदा देईल तेव्हा देईल. तोपर्यंत नगराच्या कारभाराची नोंद ठेवणे आणि ती नागरिकांपुढे मांडणे हे काम स्थानिक महाविद्यालयाला करता येण्यासारखे आहे.