होरेसचा प्रश्न

समलिंगी माणसाला दुरुस्त करावयाचे नसते; तो जसा आहे तसा मानून मदत करावयाची असते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या महाविद्यालयांतील समाजकार्याच्या वर्गांत हे कशातून शिकवावे, असे कोणी विचारले तर मी रँडल केनन यांची ‘अ व्हिजिटेशन ऑफ स्पिरिट्स’ (१९८९) ही कादंबरी पुढे करीन.

नियमांची वाण तिथे नाही. तिकडच्या समाजकार्यशिक्षणाच्या मान्यतेच्या अटींत लैंगिक कलाचा आदरही येतो. अटलांटात १९२० साली कृष्णवर्णीय समाजसेवक तयार करण्यासाठी निघालेली शाळा, आज क्लार्क अटलांटा विद्यापीठात असलेली, ह्या अटींतूनच जाते. पण अट घोकून पाठ होते, एवढेच. अशा कितीतरी महाविद्यालयांना १८६५ नंतर चर्चनेच आधार दिला, आणि समलिंगी मुलाला पापी ठरवणारा आवाजही बहुधा तिथूनच येतो. अटलांटाच्याच मोअरहाऊस महाविद्यालयाने २००९मध्ये मुलांना बायकी पोशाखाची बंदी केली. दहा वर्षांनी त्यानेच, जन्मतः मुलगी गणल्या गेलेल्या पण स्वतःला पुरुष मानणाऱ्यांना २०२०पासून प्रवेश देण्याचे ठरवले.

केननचा होरेस क्रॉस सोळा वर्षांचा, हुशार, घराण्याची आशा. तो मंत्रतंत्राने पक्षी होऊ पाहतो; हा भाग मला जरा लांबलेला वाटतो. त्याहून मोलाचे वाटते ते सणाच्या जेवणाचे प्रकरण. होरेस कान टोचून येतो. (आपल्याकडे मुलाचे कान टोचणे हा संस्कार!) घरचे भडकतात, ते तो गोऱ्या पोरांच्या नादी लागला म्हणून. ह्या रागामागे गोऱ्यांकडून सोसलेल्याचा इतिहास आहे; तो न जाणणारा समाजसेवक त्या घरात काय बोलणार? ‘घर सोड’ म्हणणे सोपे. पण केननने त्या गावावर, तिथल्या शेजारधर्मावर जीव ओतून लिहिले आहे.

होरेस आपले गुपित नात्यातल्या जिमीला सांगतो. जिमी धर्मोपदेशक, शिवाय शाळेचा मुख्याध्यापक. तो रागावत नाही. वयच असे असते, बदलशील, म्हणतो. आणि नाही बदललो तर? जिमीपाशी त्याच आश्वासनाखेरीज काही नाही. पुढे होरेस स्वतःवर गोळी झाडून घेतो.

मीही पेशाने मास्तर. पोर काही सांगू लागले की धीराचे दोन शब्द बोलून मोकळे होण्याची सवय मला आहे. म्हणून ते पान मला पुन्हा वाचवेना. वर्गात मात्र मी तेच वाचून दाखवीन, होरेसच्या प्रश्नापाशी पुस्तक मिटीन, आणि पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याला उत्तर विचारीन.