'मूळ' आणि 'अस्सल': जुन्या मोटारींच्या स्वामित्वपरंपरेची भाषा

जुन्या, मौल्यवान मोटारींचे लिलाव करणाऱ्या पेढ्या विक्रीपूर्वी सूचिपत्रे छापतात. त्यांत प्रत्येक मोटारीची स्वामित्वपरंपरा दिलेली असते. चासीचा व एंजिनाचा क्रमांक, क्रमाने झालेले मालक, शर्यतींतील यश आणि पूर्वीच्या लिलावांत आलेली किंमत ही तिची प्रमुख अंगे होत. वरवर पाहता हा इतिहास आहे. परंतु त्याचे प्रयोजन विक्री हे असते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी बखर आणि अस्सल पत्र यांत जो भेद केला, तो येथेही करावा लागतो. सूचिपत्रातील कथन ही बखर होय. नोंदणीपुस्तक, कारखान्यातील नोंद आणि दुरुस्तीची बिले हे अस्सल कागद होत.

या भेदाचे महत्त्व 'ओल्ड नंबर वन' या बेंटली 'स्पीड सिक्स' मोटारीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत या मोटारीने लागोपाठ दोनदा जिंकली: १९२९ मध्ये वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन, तर १९३० मध्ये बार्नाटो व ग्लेन किडस्टन हे तिचे चालक होते. शर्यतींच्या गरजेनुसार तिचे भाग बदलत गेले. १९३२ मध्ये तिला आठ लिटरचे एंजिन बसविण्यात आले. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. त्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली. १९९० मध्ये सुमारे एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला. परंतु ही ती मोटार नव्हेच, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली आणि वाद इंग्लंडच्या उच्च न्यायालयात गेला.

न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. १९२९ च्या मोटारीचा अत्यल्प अंश उरला होता. त्यामुळे काटेकोर अर्थाने ती 'मूळ' ठरत नव्हती. तथापि तिच्या अस्तित्वात कोठेही खंड पडलेला नव्हता व त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी मोटार नव्हती. म्हणून ती 'ऑथेंटिक' ठरली. या शब्दाला मराठीत 'अस्सल' हा जवळचा शब्द आहे. 'अस्सल' हा ज्या अरबी शब्दापासून आला, त्याचाही अर्थ 'मूळ' असाच आहे. परंतु मराठीत दोन्ही शब्दांचे व्यापार वेगळे झाले. 'मूळ' हा आरंभाकडे बोट दाखवितो, तर 'अस्सल' हा 'नक्कल' या शब्दाच्या विरोधात उभा राहतो. न्यायालयाने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले. खरेदीदार मात्र पुष्कळदा पहिल्याचे मूल्य मोजत असतो.

निकालाची कसोटी व्यवहारास उपयुक्त आहे, परंतु तिचा एक आधार अभावात्मक आहे. थीसियसच्या नौकेतून काढलेल्या फळ्या जपून दुसरी नौका बांधली तर खरी कोणती, हा प्रश्न हॉब्जने १६५५ मध्ये उपस्थित केला होता. बदललेल्या भागांतून दुसरी मोटार उभी राहिली असती, तर 'दुसरा हक्कदार नाही' हा आधार टिकला नसता. याउलट, मर्सिडीजने १९५५ मध्ये बांधलेल्या दोन '३०० एसएलआर' कूपेंपैकी एक २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. तोवर ती निर्मात्याच्याच ताब्यात असल्याने स्वामित्वाची साखळी एकाच दुव्याची होती.

सूचिपत्रांचा खरा दोष असत्यकथन हा नव्हे. एकाच वाक्याच्या कर्त्यात नाव, द्रव्य आणि स्वामित्व या तिन्ही गोष्टी मिसळणे हा होय. 'हिने ल मां जिंकली' या विधानातील 'हिने' म्हणजे नेमके काय, हे वाचकास कळत नाही. 'असे मानले जाते' या कर्मणी रचनेत मानणारा लपतो, आणि 'अपघातानंतर पुनर्बांधणी' या दोन शब्दांत एका चालकाचा मृत्यू लुप्त होतो. मालकांचा क्रम, भागांचा क्रम आणि पुराव्यातील खंड हे तीन स्वतंत्र रकान्यांत मांडले, तर किंमत कदाचित उतरेल. परंतु बखरीचा इतिहास होईल.