व्हॉल्व्हचा गोडवा

ध्वनिवर्धक यंत्रांतील निरनिराळ्या व्हॉल्व्हांच्या आवाजाची तुलना करण्याचा नाद रसिकांत पुन्हां बळावला आहे. ट्रान्झिस्टरनें ही काचेची निर्वात नळी घराघरांतून हद्दपार केल्याला अर्धशतक होऊन गेलें; तरी ती परत आली आहे, आणि येतांना आपली स्तुतिपर परिभाषाहि घेऊन आली आहे. अमका व्हॉल्व्ह 'उबदार', तमका 'थंड', तिसरा 'मखमली'! हे शब्द इंग्रजी मासिकांतून जसेच्या तसे उचललेले आहेत. ज्या भाषेंत जवारी, आस, घुमारा, भरदार, पातळ, चोंदलेला असे कानानेंच घडविलेले शब्द आहेत, तिनें स्वराच्या वर्णनासाठीं कापडाच्या दुकानांत कां जावें, हें आम्हांस समजत नाहीं. पण वाद केवळ शब्दांचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. व्हॉल्व्ह बदलला म्हणजे गायकाचा स्वर अधिक उघडा होतो, कीं व्हॉल्व्ह त्यांत आपलाच स्वर मिसळतो, हा खरा प्रश्न आहे.

परीक्षेसाठीं आम्हीं मालवणांत बसून याच मुलखांतील संगीतकाराचीं मुद्रणें मुद्दाम निवडलीं. वसंत देसाई (१९१२–१९७५) हे कुडाळजवळच्या सोनवडें गांवचे. त्यांच्या 'अमर भूपाळी' (१९५१) या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा १९५२ सालीं फ्रान्समध्यें कान येथील महोत्सवांत गौरव झाला. आणि 'गूंज उठी शहनाई' (१९५९) मध्यें बिस्मिल्ला खाँ यांची सनई आहे. एकांत कंठ आणि वाद्यमेळ एकत्र, दुसऱ्यांत तीक्ष्ण पत्तीचें वाद्य. परीक्षेस याहून चांगलें साहित्य कोठें मिळणार? शिवाय हीं मुद्रणें झालीं त्या काळीं मुद्रणगृहांतील यंत्रेंहि व्हॉल्व्हांचींच होतीं. १९२५ पूर्वींच्या तबकड्यांचें तसें नाहीं. गायक कर्ण्यांत गाई व सुई थेट मेणावर रेघ ओढी. मध्यें व्हॉल्व्हचा स्पर्शहि नसे. त्या तबकड्या व्हॉल्व्हवर ऐकल्या म्हणजे 'मूळचा' आवाज मिळतो असें मानणारे रसिक जुनेपणालाच अस्सलपणा समजतात.

आतां गोडव्याचें मूळ पाहूं. कोणताहि व्हॉल्व्ह मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, पांचपट कंपनांचे स्वर थोडेफार मिसळतोच. दुप्पट म्हणजे त्याच स्वराचें वरचें सप्तक. तिप्पट म्हणजे त्या सप्तकांतला पंचम. पांचपट म्हणजे त्याहि वरचा गांधार, जो जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जांतून आपोआप ऐकूं येतो. सातपट मात्र कोमल निषादाच्याहि किंचित् खालीं पडतो आणि आपल्या कोणत्याच स्वरांत नीट बसत नाहीं. ३०० बी सारखा ट्रायोड एकटा लावला तर तो मुख्यतः दुप्पट स्वर मिसळतो. ईएल ८४ हा पेंटोड. त्यांत तिप्पट व त्यावरील स्वरांचें प्रमाण अधिक. दोन व्हॉल्व्ह जोडीनें, एकमेकांच्या उलट लावले कीं दुप्पट स्वर बहुतेक कटतो व तिप्पट उरतो. म्हणजे व्हॉल्व्ह हा जणु यंत्रांत दडलेला तंबोरा होय. एकट्या कंठामागें तो सुरेल वाजतो, आणि ऐकणारा गायकाला शाबासकी देतो!

पण स्वर दोन झाले कीं हा तंबोरा बेसूर होतो. २४० कंपनांचा षड्ज आणि २७० कंपनांचा शुद्ध ऋषभ एकदम वाजले, तर दुप्पट स्वर मिसळणारा तोच दोष त्यांची बेरीज ५१० आणि वजाबाकी ३० अशीं दोन नवीं कंपनें जन्मास घालतो. तार षड्ज ४८० चा. तेव्हां ५१० हा तार सप्तकांतल्या कोमल ऋषभाच्या शेजारीं येऊन बसतो. भूपासारख्या रागांत हा पाहुणा कोणी बोलाविला होता? आवाज लहान ठेवला तर तो कानास जाणवत नाहीं. पण एकट्या ३०० बी ची शक्ति अवघी सुमारें आठ वॅट, आणि मालवणी घराच्या पडवीपर्यंत गाणें पोंचविण्याचा हव्यास कोणास नसतो?

आमच्या कानांस जें आलें तें असें. एकट्या ३०० बी वर कंठ जवळ येतो, श्वासहि ऐकूं येतो. मात्र वाद्यमेळ भरून आला कीं वाद्यांच्या कडा एकमेकींत विरघळतात. सनईची तर पत्तीच बोथट होते. सनई गोड लागावी हें खरें, पण तिची धार काढून घेऊन नव्हे. ईएल ८४ च्या जोडीवर सनई सनईसारखी वाजली, परंतु कंठ किंचित् पातळ झाला. जुन्या रेडिओवर वाढलेल्यांस हाच आवाज ओळखीचा वाटेल. आमचें मत पडलें तें केटी ६६ च्या जोडीकडे. इंग्लंडांत विल्यम्सन यांनीं १९४७ सालीं जी जोडणी प्रसिद्ध केली, तींत हे व्हॉल्व्ह ट्रायोडप्रमाणें वापरून, निघालेल्या आवाजाचा अंश उलट फिरवून पुन्हां आंत दिला जातो व त्यानें दोष कमी होतात. तिच्यावर वाद्यें वेगळीं राहिलीं आणि कंठाचें वजनहि उणावलें नाहीं. तिला कोणी 'रुक्ष' म्हणतील; तंबोऱ्यावांचून गाणें ऐकण्याची ज्यांना संवय नाहीं त्यांना तसें वाटणारच.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. या तुलनेंत व्हॉल्व्हच्या नांवावर जमा होणारें पुष्कळसें श्रेय ट्रान्सफॉर्मरचें आणि जोडणीचें असतें. एक यंत्र दुसऱ्याहून जरासें मोठ्यानें लागलें तरी कानास तेंच सरस वाटतें. म्हणून आवाज मोजून सारखा केल्यावांचून दिलेला निकाल मोलाचा नव्हे. आपल्या किनाऱ्यावर तर खारी हवा व्हॉल्व्हच्या पिना आणि बैठक गंजवते, त्यांतून खरखर उठते, आणि दोष येतो बिचाऱ्या व्हॉल्व्हवर. विजेचा दाब संध्याकाळीं उतरला कीं ६.३ व्होल्टांवर तापणारी तार नीट तापत नाहीं. अशा वेळीं केलेली परीक्षा ही व्हॉल्व्हची नसून वीजपुरवठ्याची असते. जुन्या, न वापरलेल्या व्हॉल्व्हांसाठीं हजारों रुपये मोजणाऱ्यांनीं आधीं बैठक घासून पाहावी, मग दशावतारी खेळाचें एखादें चांगलें मुद्रण लावावें. पायपेटीच्या भरण्यांतून झांजेचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकूं आला तर आहे तो व्हॉल्व्ह काढूं नये.